शुक्रवार संध्याकाळ ते सोमवारचा फॉलिन: जवानाने दोन दिवसांत गाव आणि दोस्त कसे गाठावेत

गावच्या तिठ्यावर एसटीतून उतरलो की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "कधी इलंस?" त्याचं उत्तर द्यायच्या आतच दुसरा यायचा, "मगे जातलंस कधी?" मालवण तालुक्यातलं खाडीकाठचं आमचं गाव. सतरा वर्षं फौजेत काढून हवालदार म्हणून घरी आलो, त्यातली पाच वर्षं पोस्टिंग बेळगाव आणि पुण्याला होतं. म्हणजे शनिवार-रविवार धरून घरी जाता येईल आणि सोमवारी सकाळी फॉलिनला, म्हणजे हजेरीच्या रांगेत, उभं राहता येईल इतक्या अंतरावर. त्या पाच वर्षांत जे शिकलो ते आता नव्याने भरती झालेल्या आमच्या मुलांसाठी लिहितो आहे.

वार्षिक सुट्टीचं गणित वेगळं असतं. तेव्हा कौलं चाळून होतात, लावणी होते, लग्नं उरकतात, आणि दोस्त आपोआप भेटतात. दोन दिवसांत तसं होत नाही. पहिल्या खेपेला मी एका शनिवारी नऊ घरं केली. प्रत्येक घरी चहा घेतला, प्रत्येक ठिकाणी घड्याळ बघितलं. रविवारी परतीच्या गाडीत बसल्यावर लक्षात आलं की नऊ जणांपैकी एकाशीही धड बोललो नव्हतो. आईशी तर नाहीच. पुढे एक गोष्ट ठरवली आणि ती शेवटपर्यंत पाळली: दोस्तांना आपल्या वेळेला बोलवायचं नाही, त्यांच्या कामाच्या वेळेला आपण त्यांच्या कामात शिरायचं. सगळी आखणी त्याभोवती करायची.

आधी कागद, मग तिकीट

सुट्टी तोंडी मिळाली म्हणून तिकीट काढू नका. सीएचएम (कंपनी हवालदार मेजर) "हो, जा" म्हणाले तरी नाव रजिस्टरवर चढून, सही होऊन कागद हातात येईपर्यंत सुट्टी नाही. ऐन शुक्रवारी गार्ड लागते, कुणीतरी आजारी पडतं, नफरी (हजर जवानांची संख्या) कमी भरते. म्हणून किमान दोन आठवडे आधी सांगून ठेवा आणि त्या शनिवार-रविवारची ड्यूटी कोण घेणार हे स्वतःच ठरवून घ्या. त्या बदल्यात त्याची एक ड्यूटी तुमच्याकडे. अशी देवाणघेवाण आधी करून सुभेदार साहेबांपुढे गेलं की नकार फारसा येत नाही.

कागदावर घरचा पत्ता आणि चालू असलेला फोन नंबर नीट लिहा. कोकणात खाडीच्या खालच्या अंगाला, डोंगराच्या आड रेंज जाते. घरात रेंज नसेल तर रेंज असलेल्या शेजाऱ्याचा नंबरही द्या. युनिटने फोन केला आणि लागला नाही, ही गोष्ट पुढच्या सुट्टीच्या वेळी आठवणीने काढली जाते.

सुट्टी संपल्यावर उशिरा पोचणं हा आर्मी अ‍ॅक्ट १९५० च्या कलम ३९ खालचा गुन्हा आहे, हे ट्रेनिंगमध्ये सगळ्यांनी ऐकलेलं असतं. "गाडी चुकली" हे कारण तिथे टिकत नाही.

कुठला शनिवार?

हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, सुट्टी मिळाली की निघतात. पण कोकणात माणूस भेटणं ऋतूवर असतं.

१ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. होड्या वर ओढलेल्या, जाळी विणायला काढलेली, मच्छीमार दोस्त ओटीवर बसलेला. निवांत बोलायला याच्यासारखा काळ नाही. पण शेतीवाला दोस्त त्याच दिवसांत चिखलात असतो. नारळी पौर्णिमेनंतर हे उलटं होतं. एप्रिल-मे महिन्यांत देवगड-मालवण पट्ट्यात ज्याची आंब्याची कलमं आहेत त्याला दिवसा भेटायचा हट्ट धरू नका. तो रात्री पेट्या भरताना भेटेल, आणि ती भेट फार चांगली होते. त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे.

मुंबईला गेलेले दोस्त गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर गावी नसतात. मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीच्या जत्रेला मात्र ते हमखास येतात. भराडी देवीच्या या जत्रेची तारीख पंचांगात ठरलेली नसते, ती देवीच्या कौलाने ठरते. म्हणून तारीख जाहीर झाली की त्याच दिवशी सुट्टीचा अर्ज टाका. कार्तिकी पौर्णिमेनंतर गावोगावच्या जत्रा आणि दशावतार सुरू होतात. रात्री नाटकाला गेलात तर अर्धी वाडी एकाच ठिकाणी भेटते, घरोघर फिरावं लागत नाही.

आणि भरती बघा. अमावास्या-पौर्णिमेला आमच्या किनाऱ्यावर पूर्ण भरती साधारण अकरा-बाराच्या सुमारास येते, दुपारी आणि रात्री. तिथून रोज जवळपास पन्नास मिनिटं पुढे सरकते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही. दोस्तांबरोबर खाडीत कालवं काढायला किंवा तिसऱ्या (शिंपले) वेचायला जायचं तर पाणी खूप आटलं पाहिजे, म्हणून अमावास्या-पौर्णिमेचे दिवस धरा आणि सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उतरा. गावातली माणसं हे बोटांवर मोजून सांगतात. बाहेर राहून आपण विसरतो.

रस्ता

रेल्वेने जाणाऱ्यांसाठी पहिली गोष्ट. मालवण, देवगड, वेंगुर्ला, दापोली, गुहागर यांतल्या एकाही गावाला स्टेशन नाही. मालवणला कुडाळ, सिंधुदुर्ग किंवा कणकवलीला उतरा, देवगडला कणकवलीला, वेंगुर्ल्याला कुडाळ किंवा सावंतवाडीला, गुहागरला चिपळूणला, दापोलीला खेडला. सावंतवाडी रोड स्टेशनसुद्धा शहरात नाही, मळगावात आहे.

मुंबईकडून रात्रीच्या दोन गाड्या सोयीच्या: सीएसएमटीहून अकराच्या सुमारास सुटणारी कोकणकन्या आणि दादरहून मध्यरात्री बारानंतर सुटणारी तुतारी. तुतारीच्या बाबतीत दरवर्षी कुणीतरी फसतं. गाडी बारा वाजून गेल्यावर सुटते, म्हणजे शुक्रवारी रात्री निघायचं असेल तर तिकिटावर तारीख शनिवारची हवी. शुक्रवारची तारीख टाकलीत तर तुमची गाडी आदल्याच रात्री गेलेली असते. आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. वॉरंट (फौजेकडून मिळणारा रेल्वे प्रवासाचा कागद) किंवा सवलतीचा फॉर्म वापरणार असाल तर तो शुक्रवारी धावपळीत न मागता आधीच्या आठवड्यात क्लार्ककडून घेऊन ठेवा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश धावतात. जूनच्या मध्यापासून दसरा-दिवाळीपर्यंत जुन्या वेळा डोक्यात ठेवून निघू नका.

पुण्याहून रेल्वे पकडायची तर बहुधा पनवेल गाठावं लागतं. मला त्यापेक्षा कोल्हापूरमार्गे रात्रीची बस बरी वाटायची. मालवण पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास पडतं. खाली उतरायला फोंडा किंवा गगनबावड्याचा घाट. पावसात दरड येते, म्हणून निघण्याआधी कणकवलीतल्या एखाद्या ओळखीच्या ड्रायव्हरला फोन करून कुठला घाट चालू आहे ते विचारा. चिपळूणवाल्यांना कऱ्हाडहून कुंभार्ली, रत्नागिरीवाल्यांना कोल्हापूरहून आंबा घाट, दापोली-मंडणगडवाल्यांना पुण्याहून ताम्हिणीने माणगाव.

बेळगाव मात्र आम्हा सिंधुदुर्गवाल्यांचं नशीब. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या सेंटरमधून निघून आंबोली उतरलं की सावंतवाडी, शंभर किलोमीटरच्या आत. पुढे मालवण पन्नासेक. मोटरसायकलने जाणारे खूप. त्यांना एकच विनंती: दिवसभराची ड्यूटी करून शुक्रवारी रात्री आंबोलीत उतरू नका. धुकं इतकं दाट असतं की पुढचं वळण दिसत नाही. पहाटे चारला निघालात तरी न्याहारीला घरी असता, आणि आईची रात्रही जागण्यात जात नाही. पावसाळ्यात शनिवार-रविवारी धबधब्यावर तुंबळ गर्दी असते, म्हणूनही पहाटच बरी.

स्टेशनवरून गावापर्यंतचा शेवटचा तुकडा सगळ्यात जास्त वेळ खातो. दोस्ताला न्यायला बोलावणार असाल तर त्याचा धंद्याचा वेळ मोडतो हे लक्षात ठेवा. त्याची रिक्षा असेल तर भाडं द्या. तो घेणार नाही, तरी पेट्रोलचे म्हणून पुढच्या डब्यात ठेवून या.

एकालाच सांगा

येणार असल्याचं सगळ्या ग्रुपवर टाकू नका. सुट्टी रद्द झाली तर पंधरा जणांचा हिरमोड होतो, आणि आई रात्रभर वाट बघत बसते. एक दोस्त निवडा, शक्यतो असा की जो सगळ्यांच्या वेळा जाणतो. कोण कुठे, कधी मोकळा, कुणाचा शनिवार पाळलेला, कुणाच्या घरी सुतक, हे सगळं त्याच्याकडून आधीच कळतं. बाकीच्यांना तो शनिवारी सकाळी सांगेल.

मुंबईतला एखादा दोस्त त्याच सुमारास गावी यायचा असेल तर त्याची आणि तुमची गाडी एकच करा. पनवेल ते कुडाळ रात्रभर दारापाशी बसून आम्ही दोघांनी जेवढ्या गप्पा मारल्या, तेवढ्या गावी पोचल्यावर कधी झाल्या नाहीत.

पिट्टूत (पाठीवरच्या बॅगेत) काय भरायचं

थोडं. दोन जोड कपडे, हाफ पँट, टॉर्च, सुट्टीचा कागद, ओळखपत्र. कागद आणि ओळखपत्र प्लास्टिकच्या पिशवीत, कारण होडीत बसणार आहात. बेळगावहून येत असाल तर कुंदा आणा, पुण्याहून बाकरवडी. दोस्तांच्या मुलांना खाऊ हा आणलाच पाहिजे, ती तुम्हाला ओळखत नसतात आणि ओळख त्यानेच होते.

कँटीनच्या बाटलीचा विषय निघतोच. स्पष्ट सांगतो, फर्माईश घेऊ नका. कर्नाटकातून किंवा गोव्यातून महाराष्ट्रात दारू आणण्याचे नियम कडक आहेत, आणि गोव्याच्या वेशीजवळच्या इन्सुली नाक्यावर गाड्या तपासल्या जातात. एका बाटलीपायी नोकरीवर शिंतोडा घेण्यात अर्थ नाही. एकदा नाही म्हटलं की दोस्त पुन्हा विचारत नाहीत.

पोचल्यावर पहिले चार तास

घर. बॅग ठेवायची, विहिरीवर आंघोळ करायची, घावणे खायचे, आणि आईसमोर बसायचं. फोन बाजूला. ती घरातली कामं एकामागून एक सांगेल. गळकं कौल, वीजबिल, बँकेचं पासबुक. त्यातलं एक काम त्याच दिवशी करून टाका, बाकीची लिहून घ्या. मग तासभर झोपा. रात्रीच्या प्रवासानंतर न झोपता दोस्तांकडे गेलात तर संध्याकाळपर्यंत डोळे मिटायला लागतात.

देवळात जाऊन या. गावात फौजी आल्याची बातमी देवळाच्या वाटेवर सगळ्यांना आपोआप कळते, आणि भेटलं नाही म्हणून कुणी रागावत नाही.

ज्या घरात माणूस गेलंय, तिथे आधी

याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण इथे मी चुकलो होतो.

एका दोस्ताचे वडील गेले तेव्हा मी सीमेवर होतो. आठ महिन्यांनी घरी आलो आणि सवयीने अंगणातूनच त्याला आरोळी मारली, हसत. तो बाहेर आला, मागून त्याची आई. तिच्या कपाळाकडे बघितलं आणि माझे पाय तिथेच थांबले. फोनवर मला कळलं होतं, मी दोन शब्द बोललोही होतो. पण त्या घरासाठी मी अजून भेटायला आलो नव्हतो. आठ महिने झाले असले तरी त्यांच्या हिशेबात माझी भेट बाकी होती.

फौजीच्या बाबतीत हे नेहमी होतं. आपल्यामागे माणसं जातात, दिवस-कार्य उरकतं, वर्षश्राद्धही होऊन जातं. म्हणून निघण्याआधी घरी विचारा: मागच्या खेपेपासून कोण कोण गेलं? त्या घरी पहिल्याच दिवशी, बाकी दोस्तांच्या आधी जा. एकटे जा, घोळक्याने नको. खाऊ वगैरे नेऊ नका. ओटीवर बसा आणि त्यांना बोलू द्या. शेवटचे दिवस कसे गेले, कुठल्या इस्पितळात नेलं, कोण कोण होतं, हे सगळं ते पुन्हा पहिल्यापासून सांगतात. ते ऐकणं हीच भेट. चहा दिला तर घ्या. अर्धा तास लागेल, कधी दोन तास. त्यापायी दुसऱ्या कुणाची भेट राहिली तरी चालेल.

दोस्त

आता मुख्य काम. मच्छीमार, बागायतदार, रिक्षावाला, पर्यटकांना खोल्या देणारा: आमच्या वयाच्या मुलांत किनाऱ्यावर हेच धंदे. प्रत्येकाला गाठायची वेळ वेगळी.

रापणीवाला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरणारा, पहाटे. किनाऱ्यावर आधी पोचा, तोवर होडी जाळं टाकत अर्धा फेर घेत असते. दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन रांगा ओढायला लागतात. तुम्ही एका रांगेत शिरा. कुणी विचारत नाही, जागा करून देतात. सुरुवातीला कुणी फार बोलत नाही. दोन्ही रांगा सरकत जवळ येतात, तासा-दीड तासाने जाळ्याचं पोट दिसू लागतं, आणि मग सगळ्यांची तोंडं सुटतात. शाळेतल्या गोष्टी निघतात, कुणाचं लग्न मोडलं, कुणी होडी विकली. हाताला फोड येतात. दोर ओढणाऱ्याला वाटा मिळतो, तसा तुम्हालाही मिळेल, पेडवे असतील नाहीतर बांगडे. नको म्हणू नका. तो वाटा घेऊन घरी गेलात की गावाच्या दृष्टीने तुम्ही अजून गावचे आहात.

आंबेवाला रात्री. जेवण उरकून त्याच्या मांगरात (बागेतल्या खोपीत) जा. दिवसभर झेल्याने (जाळी लावलेल्या लांब काठीने) देठासकट उतरवलेला आंबा पसरलेला असतो. तो हाताने तोलून वेगवेगळे ढीग करतो, तुम्ही पेटीत गवत घाला, खिळे ठोका. हात कामात असले की माणूस मनातलं बोलतो. कर्जाचं, मोहोर गळल्याचं, मुलगा मुंबईला जायचं म्हणतो त्याचं. समोरासमोर खुर्चीत बसून हे कुणी सांगत नाही. एका रात्री पहाटे तीनपर्यंत पेट्या ठोकत होतो आणि दहा वर्षांपूर्वीचं आमचं एक भांडण, ज्याच्यावर कधी बोललो नव्हतो, ते तिथे मिटलं.

पर्यटकांना खोल्या देणारा दोस्त तारकर्लीकडे असेल तर शनिवार-रविवार म्हणजे त्याच्या कमाईचे दिवस. त्याच्या दारात जाऊन "चल फिरायला" म्हणू नका. रात्री साडेदहानंतर, पाहुणे जेवून झोपल्यावर जा. भांडी आवरायला हात लावा. त्याच्या बायकोला वहिनी म्हणून आधी नमस्कार, गप्पा मग.

रिक्षावाला स्टँडवर भेटतो. त्याच्या शेजारी पुढच्या सीटवर बसून दोन भाडी मारून या.

दोन दिवसांत असे तीन दोस्त होतात. चारही होत नाहीत, मी पुष्कळदा करून बघितलं. ज्यांना भेटणं होणार नाही त्यांना शनिवारीच फोन करा आणि सांगा, पुढच्या खेपेला पहिलं तुझ्याकडे. आणि पुढच्या खेपेला ते पाळा.

शनिवारची संध्याकाळ

सगळ्यांनी एकत्र बसायचं तर ही एकच वेळ. जागा उघडी ठेवा: शाळेचं मैदान, धक्का, देवळापुढचा पार. हॉटेल नको, तिथे बिलावरून ओढाताण होते आणि पगार असलेला म्हणून तुम्हीच द्यायचे अशी प्रथा पडते. कुणी पीठ, कुणी कोंबडी, कुणी नारळ आणला की वडे-कोंबडी एका अंगणात होते. कोण शनिवार पाळतो ते आधी विचारा, त्याच्यासाठी काळ्या वाटाण्याचं सांबारं करायला सांगा.

प्रश्न येतील. तिकडे कसं असतं, गोळी चालवलीस काय, आता कुठे नेणार तुम्हाला. युनिट कुठे आहे, किती माणसं आहेत, पुढची हालचाल काय, हे बोलायचं नाही. त्याऐवजी थंडीचं सांगा, लंगरातल्या जेवणाचं सांगा, पंजाबी दोस्ताने सोलकढी पहिल्यांदा प्यायली तेव्हाचं सांगा. त्यांना तुमच्या जगात यायचं असतं, गुपितात नाही. फोटो काढतील ते साध्या कपड्यांतले असू द्या, गणवेशातला जुना फोटो जोडून ग्रुपवर टाकू नका असं प्रेमाने सांगा. जुलै २०२० मध्ये लष्कराने ८९ अ‍ॅप फोनमधून काढायला लावली होती, ती उगाच नव्हे. युनिटचा चालू आदेश असेल तो पाळा.

काही वेळा एखादी आठवण अशी असते की जी घरी सांगता येत नाही. ती सगळ्यांपुढे न काढता एकाला सांगा. पंगत पांगल्यावर घरापर्यंत सोडायला येणारा एकजण असतोच, त्याला.

रविवार

सोमवारच्या फॉलिनपासून उलटं मोजा. फॉलिन सहाला, म्हणजे युनिटच्या गेटवर रात्रीच, फार तर पहाटे चारला. त्यामागे प्रवासाचे तास, आणि त्यात तीन तास जादा, पावसाळ्यात पाच. जो आकडा येतो तेव्हा घर सोडायचं, मग पानात काहीही वाढलेलं असो. शेवटच्या गाडीवर कधीच विसंबू नका, तिच्या आधीची धरा. गावात मुक्कामाची एसटी असेल तर ड्रायव्हर-कंडक्टरशी ओळख ठेवा. सोमवारी दुपारनंतर हजर व्हायची मुभा असली तर तिची पहाटेची फेरी उपयोगाला येते.

जेवण बाराच्या आत. रविवारी मासळी महाग असते आणि आई तरी सुरमई आणायला सांगते, तर पैसे तुम्ही द्या. बांधून द्यायचं आई थांबवणार नाही. कुळथाची पिठी, आमसुलं, फणसपोळी, काजूगर, खटखटे लाडू सगळं न्या, बराकीत एका रात्रीत संपतं. सुकी मासळी मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात, नाहीतर डब्यातल्या प्रवाशांचे आणि बराकीतल्या शेजाऱ्यांचे हाल होतात.

तिठ्यावर सोडायला कुणा एकालाच येऊ द्या. आईला दारातच नमस्कार करा, स्टँडवर आणू नका. एसटी लवकर सुटत नाही आणि तो उभा राहिलेला वेळ तिला जड जातो.

गाडी हलली की वहीत लिहा: राहिलेली घरकामं, न भेटलेल्या दोस्तांची नावं, कुणाला काय द्यायचं कबूल केलं. पोचल्यावर कितीही रात्र झाली असली तरी घरी फोन लावा. आमच्याकडे पहिल्या रिंगला उचलला जायचा.